जाड तिरप्या अक्षराची मराठी वाट

जून उजाडला की जालन्याच्या नव्या मोंढ्यातली कृषी सेवा केंद्रे बियाण्यांच्या पाकिटांनी भरून जातात. कपाशी, तूर, मका, भाजीपाला. प्रत्येक पाकिटावर पिकाचे टवटवीत छायाचित्र आणि त्यावर वाणाचे नाव. या नावांत एक थाट पुन्हा पुन्हा दिसतो: अक्षर जाड, टोकांना शेपटी नाही, सगळा झोक उजवीकडे. पैसे देताना समोर येणाऱ्या फलकावर यूपीआयची तीन रोमन अक्षरे तशीच जाड आणि तशीच झुकलेली असतात. शेजारचे रुपेचे बोधचिन्हही त्याच घरातले. बाहेर रस्त्याला लागले की सळईच्या जाहिराती, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची नावे, क्रिकेट स्पर्धांचे फ्लेक्स. सगळीकडे हेच अक्षर.

छपाईच्या धंद्यात याला बोल्ड इटालिक म्हणतात, आणि टोके साधी कापलेली असली तर सॅन्स सेरिफ हे आडनाव जोडतात. रोमन लिपीने हे अक्षर काही शतकांत हळूहळू घडवले. मराठीच्या वाट्याला मात्र ते बहुतेक वेळा संगणकावरचे एक बटन दाबून आले आहे. सरळ अक्षराला यंत्र उजवीकडे ढकलते आणि त्यालाच तिरपे अक्षर म्हटले जाते. ज्या जिल्ह्याचा मोठा व्यापार पाकिटावरच्या, फलकावरच्या आणि सळईवरच्या नावावर चालतो, त्या जिल्ह्यात तरी या अक्षराचा विचार नीट व्हायला हवा.

तिरपेपणा, जाडी आणि बिनशेपटीची टोके हे तीन गुण एकत्र जन्मलेले नाहीत. तिरपा टाइप आला व्हेनिसमध्ये. आल्डस मनुशियस या प्रकाशकाने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची सुटसुटीत आवृत्ती काढली. तिच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणाचा टाइप कोरला होता. तेव्हा तिरपे अक्षर जोर देण्यासाठी नव्हते, अख्खे पुस्तकच त्यात छापले जाई. बिनशेपटीचा टाइप लंडनमध्ये विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ च्या नमुन्यात दिसतो, तोही फक्त मोठ्या लिपीतला. त्याला सॅन्स सेरिफ हे नाव १८३२ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्सने दिले. आणि साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून जाड टाइप शेजारी ठेवण्याची रीत १८४५ च्या क्लॅरेंडन टाइपापासून रुळली. पुढे जाहिरातींच्या बाजारात हे तिघे एकत्र आले.

आद्रियान फ्रुटिगर यांनी १९५७ साली युनिव्हर्स हे अक्षरकुटुंब काढले, तेव्हा नावांऐवजी अंक वापरले. दशमस्थानचा अंक जाडी सांगतो, एकमस्थानचा अंक रुंदी आणि झोक. ५५ म्हणजे नेहमीचे सरळ, ५६ म्हणजे तेच तिरपे, ६५ म्हणजे जाड, आणि ६६ म्हणजे जाड तिरपे. या कोष्टकात जाड तिरप्याला स्वतःचे घर आहे. ते कुणाचे तरी बिघडलेले रूप नसून पहिल्या दिवसापासून आखलेला सदस्य आहे. मराठी अक्षरकुटुंबांत नेमके हेच घर बहुतेक वेळा रिकामे असते.

या अक्षराचा स्वभाव काय, हे बार्बरा क्रूगर या अमेरिकी चित्रकर्तीच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते. १९८० च्या दशकात तिने कृष्णधवल छायाचित्रांवर फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक या टाइपातली छोटी, थेट वाक्ये लावली, पुष्कळदा लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत. मूळ फ्युचुरा पॉल रेनर यांचा, १९२७ सालचा, भूमितीतून काढलेला शांत टाइप. तोच जाड करून झुकवला की तो बोलायचे सोडून बजावू लागतो. न्यूयॉर्कच्या सुप्रीम या कपड्यांच्या दुकानाची लाल चौकटही याच घराण्यातली. अशा अक्षराला दोन-चार शब्द पुरतात. दहाव्या शब्दाला ते वाचणाऱ्याला दमवते.

त्याचा एक अगदी वेगळा, अबोल उपयोगही आहे. पदार्थविज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या ग्रंथांत टेन्सर ही राशी दाखवायला जाड, तिरपे, बिनशेपटीचे अक्षर वापरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यासाठी युनिकोडमध्ये २००१ पासून रोमन अक्षरांचा असा स्वतंत्र संच आहे. समाजमाध्यमांवर इंग्रजी नावे अचानक जाड तिरपी दिसतात ती पुष्कळदा या गणिती खुणा उसन्या घेऊन. अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर अशा नावांपाशी अडखळतात, म्हणून तो छंद टाळलेला बरा. देवनागरीसाठी असा संच नाही.

आता घरच्या लिपीकडे. देवनागरीला सेरिफ नाहीत, त्यामुळे सॅन्स सेरिफ ही कल्पना जशीच्या तशी लागू होत नाही. तिची जवळची जोड म्हणजे एकसारख्या जाडीचे, बोरूच्या कापाची चढउतार नसलेले अक्षर. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत रेघ कुठे भरते, कुठे बारीक होते. एकजाड अक्षरात शिरोरेघ, काना आणि गोलाई जवळजवळ एकाच मापाच्या असतात. फलकावर, पडद्यावर, पाकिटावर हेच चालते.

अक्षर कसे असावे याचा मराठीतला जुना आणि नेमका विचार जालना जिल्ह्यातच जन्मलेल्या माणसाने मांडला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बाळबोध अक्षर गोल, सरळ आणि सुटे असावे असे सांगून समर्थ तपशिलात उतरतात. काने नीट, मात्रा नीट, वेलांट्या नीट. एका ओळीची वेलांटी किंवा मात्रा दुसऱ्या ओळीत घुसू नये. शाईचा काळेपणा आणि टाकाची जाडी पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारखी राहावी. पानावर आधी रेघा आखून घ्याव्यात, ओळींमधले अंतर कमीजास्त होऊ नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते.

आजच्या अक्षरकाराच्या हाती हा समास दिला तर तो त्याला कामाचा आराखडा म्हणूनच वाचेल. सारखी जाडी, मोकळे कोठे म्हणजे अक्षरांच्या पोटातली जागा, मात्रांची न होणारी टक्कर, वयस्कर वाचकाची काळजी, भोवतीची रिकामी जागा. सगळे त्यात आहे. जाड तिरप्या अक्षराची परीक्षाही याच कसोट्यांवर घ्यावी, आणि बटनातून निघालेले अक्षर त्यांतल्या बहुतेक कसोट्यांवर नापास होते.

याचा अर्थ तिरपेपणा मराठीला परका आहे असा नाही. मोडी लिपीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता, वळणे एकमेकांत गुंतवत लिहीत जायचे, अशी रीत होती. घाईचा हात पुढे झुकतोच. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती आणि जालना त्या संस्थानाचा भाग. त्यामुळे इथल्या डोळ्यांना उर्दू ज्यात लिहितात त्या नस्तालीकचीही ओळख आहे. त्या लिपीत शब्दच उजवीकडून डावीकडे उतरत जातो. झोक सुट्या अक्षराचा नसून सगळ्या शब्दाचा असतो. म्हणजे झोकदार लिहिणे इथे होते, पण ते हातातून आले होते. शिशाच्या टाइपात मात्र ते आले नाही.

त्याचे कारण खिळ्याच्या, म्हणजे शिशात ओतलेल्या सुट्या अक्षराच्या, आकारात आहे. मुंबईत जावजी दादाजींनी आधी टाइप ओतण्याचा कारखाना आणि मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू या कारागिराने कोरलेल्या त्यांच्या देवनागरी टाइपाने देशभर नाव कमावले. पण प्रत्येक खिळा चौकोनी. शिरोरेघ एका खिळ्याच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंत अखंड जुळायला हवी, वर मात्रा आणि रफार, खाली उकार. अशा चौकटीत काना तिरपा केला की त्याचे टोक खिळ्याबाहेर लटकते, आणि लटकणारे शिसे छापताना तुटते. रोमन इटालिकमध्येही ही अडचण होती, पण तिथे शिरोरेघेचा सांधा नव्हता. मराठी छापखान्यांत जोर देण्याचे काम जाड टाइपाने आणि अवतरणचिन्हांनी केले. ही वहिवाट आजही चांगल्या मराठी पुस्तकांत दिसते आणि ती सोडण्याचे कारण नाही.

तिरप्या जाड देवनागरीला मोकळे रान मिळाले ते भिंतींवर. पेंटरच्या ब्रशला खिळ्याची चौकट नव्हती. खडूने वरची आणि खालची रेघ मारायची, मध्ये तिरप्या खुणा करायच्या आणि त्या खुणांच्या आधाराने काने उभे करायचे. अनुभवी पेंटर शिरोरेघेची टोकेही कान्याच्याच कोनात कापतो, त्यामुळे शब्द चौकोनी न राहता पुढे निघाल्यासारखा दिसतो. उकाराला जागा नसली तर तो थोडा पुढे सरकवतो, रफार थोडा मागे घेतो. ही तडजोड प्रत्येक शब्दाला वेगळी असते आणि ती डोळ्याने ठरते. फ्लेक्स आल्यावर हे काम संगणकावर गेले, आणि तडजोड करणारा डोळा मधून निघून गेला.

यंत्र नेमके काय करते ते पाहण्यासारखे आहे. समजा अक्षर १२ अंशांनी तिरपे केले. तळ जागेवर ठेवून वरचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या सुमारे एकवीस टक्के उजवीकडे सरकतो. उकाराच्या तळापासून वेलांटीच्या माथ्यापर्यंत एक फूट उंचीचा शब्द असेल, तर दोन टोकांमध्ये अडीच इंचांची तफावत पडते. वेलांटी, रफार, अनुस्वार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातात आणि उकार मागच्या अक्षराच्या पायाखाली. बियाण्यांच्या पाकिटावरचा नेहमीचा शब्द घ्यावा: शुद्ध. शुचा उकार डावीकडे सटकतो, द्धचा आधीच अरुंद असलेला कोठा जाडीमुळे भरून येतो, आणि लांबून पाहणाऱ्याला एक काळा पुंजका दिसतो.

दुसरा बिघाड जाडीचा आहे. असे ढकलल्यावर आडव्या रेघेची जाडी बदलत नाही, उभा काना किंचित बारीक होतो. पण खरा फरक तिरप्या रेघांत पडतो. डावीकडून उजवीकडे चढणारी ४५ अंशांची रेघ लांबते आणि जवळजवळ दहा टक्के बारीक होते. उतरणारी रेघ आखडते आणि सुमारे अकरा टक्के जाड होते. र, स, ख, श यांचे पाय उतरते असतात, त्यामुळे तेच फुगतात. परंपरेने बोरूचा काप असा असतो की चढती रेघ भरदार आणि उतरती बारीक यावी. यंत्र नेमके उलटे करते. मराठी वाचकाला असे अक्षर खटकते, आणि कारण सांगता आले नाही तरी त्याचा डोळा चूक करत नसतो.

गोलाईचीही तीच गत होते. व, ब, ठ, ढ यांचे गोल अंडाकृती होऊन एका बाजूला कलंडतात. अक्षरकार हाताने तिरपे अक्षर काढतो तेव्हा तो हे गोल पुन्हा आखतो, फुगलेले पाय उतरवतो, जोडाक्षरांचे कोठे उघडतो, वरच्या खुणा मागे आणि खालच्या खुणा पुढे घेतो. देवनागरीत झोकही रोमनपेक्षा थोडा कमी ठेवावा लागतो. शिरोरेघेची जाड आडवी पट्टी डोक्यावर असताना आठ-नऊ अंशांतच अक्षर पुरेसे धावते.

मराठीच्या स्वतःच्या काही खुणा या कामात जास्त कस घेतात. तऱ्हा, दऱ्या, शेतकऱ्यांना या शब्दांतला अर्धा र बारीक आणि नाजूक असतो. जाड करताना तो बुजतो, झुकवताना पुढच्या अक्षराला चिकटतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती प्रमाण म्हणून नोंदवली. तरीही कितीतरी फाँट हिंदी वळणाचेच ल आणि श देतात. शेतकऱ्यांना हा शब्द जालन्यातल्या जाहिरातींत वारंवार येतो. तो जाड तिरप्या अक्षरात नीट उमटतो का, एवढी एकच चाचणी एखादा फाँट निवडताना पुरेशी आहे.

मग आज उपलब्ध काय आहे? मराठी अक्षरकारांनी गेल्या तीसेक वर्षांत केलेले काम अभिमान वाटावा असे आहे. र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल विंडोजमार्फत घराघरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांवर पोचला. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्ता, बलू आणि अनेक ही कुटुंबे काढली. मोदक हा त्यांचाच फाँट जाडीची शेवटची हद्द गाठतो. त्यात अक्षरांच्या पोटातली जागा केसाएवढी उरते आणि तरी अक्षर ओळखू येते. इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी, हे रोजच्या कामाचे. पण मुक्ताला सात जाड्या आहेत आणि तिरपे रूप एकही नाही. हिंदला पाच जाड्या, तिरपे नाही. नोटो सॅन्स देवनागरीला नऊ जाड्या आणि कमीजास्त रुंद्या, तिरपे नाही. अनेकचीही तीच स्थिती.

अपवाद मोजके आहेत. अडोबी देवनागरीत नेहमीचे, जाड, तिरपे आणि जाड तिरपे अशी चारही रूपे मिळतात, पण तो ग्रंथांसाठीचा, जाडीत चढउतार असलेला टाइप आहे. टिरो देवनागरी मराठी हाही पुस्तकी वळणाचा. त्याला तिरपे रूप आहे, जाड नाही. एकजाड घराण्यात ठळकपणे पुढे येतो तो पॉपिन्स. इंडियन टाइप फाउंड्रीच्या या फाँटची देवनागरी निनाद काळे यांनी काढली. नऊ जाड्या आणि प्रत्येकीला तिरपी जोड अशी अठरा रूपे त्यात आहेत, आणि तिरप्या रूपांतही देवनागरी आहे. परवाना मुक्त असल्याने तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो. वर्तुळातून घडवलेली त्याची अक्षरे रुंद आणि उघडी आहेत, हे जाड तिरप्याला फायद्याचे. बियाण्याच्या पाकिटावर किंवा दुकानाच्या पाटीवर आज बोल्ड इटालिक हवेच असेल, तर पहिली निवड हीच असावी.

शेजारच्या गुजरातीकडे पाहिले की कमतरता अधिक जाणवते. जॉनी पिनहॉर्न यांचा श्रीखंड हा गुजराती आणि रोमन फाँट मुळातच जाड, गुबगुबीत आणि तिरपा आहे. हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या थाटावर तो बेतला आहे. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे झुकणे तिला सोपे जाते हे खरे. पण नाव श्रीखंड आणि त्यात मराठी लिहिता येत नाही, ही गोष्ट मराठी अक्षरकारांनी मनाला लावून घ्यावी.

हे अक्षर कुठे वापरावे, हे आता जालन्याच्याच धंद्यांवरून पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ साली, बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांचा धंदा उभा राहिला. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बेजो शीतल, कलश अशा कंपन्याही जालन्याच्याच. बियाण्याचे पाकीट हे अक्षरकलेच्या दृष्टीने दोन भागांचे असते. पुढच्या बाजूला वाणाचे नाव. तिथे जाड तिरपे अक्षर शोभते, कारण गर्दीत टांगलेल्या पन्नास पाकिटांतून ते लांबून ओळखू यायचे असते. मागच्या बाजूला उगवणक्षमता, शुद्धता, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, मुदत. ही माहिती १९६६ च्या बियाणे कायद्याने बंधनकारक केलेली, आणि शेतकऱ्याच्या अख्ख्या हंगामाचा निर्णय तिच्यावर अवलंबून. तिथे अक्षर सरळच हवे, मध्यम जाडीचे, आणि समर्थांनी सांगितल्याप्रमाणे म्हाताऱ्या डोळ्यांना झेपेल एवढे मोठे.

जालन्याचा दुसरा धंदा पोलादाचा. राजुरी, कालिका, भाग्यलक्ष्मी अशी नावे मराठवाडाभर बांधकामांवर ऐकू येतात. सळईवर उत्पादकाची खूण रोलिंगच्या वेळीच उमटवतात. रोलच्या खाचेत नाव कोरलेले असते आणि लालभडक लोखंड त्यातून जाताना अक्षर उठून येते. भारतीय मानक १७८६ प्रमाणे सळईची ओळख पटणे आवश्यक आहे. इथे बारीक रेघ, शेपटी, नाजूक वळण काहीच टिकत नाही. एकजाड बिनशेपटीचे अक्षर का जन्मले असावे, याचे उत्तर एका सळईवर बोट फिरवले तरी कळते. ही नावे बहुतेक रोमन लिपीत असतात. उकार-मात्रा नसलेले साधे देवनागरी नाव त्या खाचेत बसायला हरकत नाही, आणि एखाद्या कारखान्याने ते करून पाहावे.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न कायद्याने ऐरणीवर आणला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असेही ठरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या. पण कायदा आकार पाहतो, घडण पाहत नाही. इंग्रजी नाव कुणीतरी मेहनतीने आखलेल्या जाड तिरप्या अक्षरात, आणि शेजारी मराठी नाव यंत्राने ढकललेले, वेगळ्याच कोनात झुकलेले, अशा जोड्या कोणत्याही बाजारपेठेत दिसतात. उंची मोजली तर दोन्ही सारखी भरतात. तरीही देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराचा मुख्य भाग लहान पडतो. मराठीला खरोखर बरोबरीची जागा द्यायची, तर तिची पट्टी इंग्रजीपेक्षा उंच ठेवावी लागते.

रस्त्याच्या दिशादर्शक फलकांवर हे अक्षर नसते, आणि ते बरोबर आहे. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. त्या क्षणभरात गावाचे नाव कळायला हवे. धावणाऱ्या माणसाला धावते अक्षर उपयोगी पडत नाही, त्याला स्थिर अक्षर लागते. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरचे काळे जालनाही म्हणूनच सरळ उभे आहे.

वाचनाच्या अभ्यासाचा कौलही याच बाजूचा आहे. माइल्स टिंकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने रोमन लिपीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९६३ साली ते पुस्तकरूपाने मांडले. सलग तिरपा मजकूर सरळ मजकुरापेक्षा हळू वाचला जातो असे त्यात आढळले. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन तिरपे अक्षर टाळून जोर देण्यासाठी जाड अक्षर वापरायला सांगते. मराठी शाळांच्या भिंतींवर सूचना रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आज जालन्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जाड तिरपी एकजाड देवनागरी सर्वांत जास्त वेळा येते ती मात्र पाटीवर नसून हातातल्या फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की तो जाड होतो, अधोरेघा दिल्या की तिरपा, दोन्ही दिल्या की जाड तिरपा. मोसंबीचे भाव, कपाशीवरच्या बोंडअळीचा इशारा, पावसाचा अंदाज, लग्नाचे निमंत्रण, गावातल्या निधनाची बातमी. सगळे या एकाच वेशात येते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीसाठी नोटो असतो, त्याला तिरपे रूप नाही, म्हणून तिथला प्रत्येक तिरपा मराठी शब्द यंत्राने ढकललेला असतो. फवारणीच्या औषधाचे प्रमाण, मात्रा, दिवस यांसाठी तारका पुरेत. अधोरेघा लावू नयेत. चुकून वाचलेला एक आकडा पीक घालवू शकतो.

संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या हातात एक सोपा उपाय आहे. निवडलेल्या फाँटला तिरपे रूप नसेल तर ब्राउझर ते स्वतः तयार करतो. ही सवय एका सूचनेने बंद करता येते. मराठी मजकुरापुरती ती बंद करावी आणि जोर द्यायचा तिथे जाडी द्यावी. डीटीपी करणाऱ्यांनीही तिरपे करण्याचे बटन मराठीवर वापरण्याआधी फाँटच्या यादीत खरे तिरपे रूप आहे का ते बघावे. नसेल, आणि ग्राहकाचा आग्रह असेल, तर शब्द आकृतीत बदलून घ्यावा आणि उकार, रफार, वेलांटी हाताने जागेवर आणाव्यात. दोन-तीन शब्दांच्या नावासाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे.

मोठे काम मात्र अक्षरकारांचे आणि त्यांना पैसे देणाऱ्यांचे. मुक्ता किंवा अनेक यांसारख्या तयार कुटुंबाला मराठी वळणाचे खरे जाड तिरपे रूप जोडणे हे मुंबई-पुण्यातल्या अक्षरकारांच्या आवाक्यातले आहे; त्यांच्याकडे कौशल्य आहे, आखलेली सरळ अक्षरे आहेत आणि मुक्त परवान्याची चांगली प्रथा आहे. जालन्याच्या बियाणे आणि पोलाद कंपन्या दरवर्षी पाकिटे, भिंती आणि फलक अक्षरांनी भरतात. त्यांनी एकत्र येऊन असे एक अक्षररूप करवून घ्यावे, त्याची चाचणी शेतकऱ्यांना, शुद्ध, उत्कृष्ट, बियाणे, सळई या आपल्याच शब्दांवर घ्यावी, आणि ते मोंढ्यातल्या लहानात लहान दुकानदारालाही विनामूल्य वापरता येईल असे खुले करावे.